मुंबईच्या परळमध्ये मार्माइटची बरणी उघडली आणि गरोदर बायकांच्या गोळीचा जन्म झाला: ल्युसी विल्स यांची गोष्ट

परभणी जिल्ह्यातलं मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचं गाव. अशा कुठल्याही तालुक्याच्या गावात गरोदर बाईला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. सरकारी दवाखान्यात सिस्टर तिला काट्यावर उभं करतात, वजन कार्डावर लिहितात आणि वाढ कमी दिसली की रागावतात. घरी आल्यावर शेजारची एखादी आजी हळूच सांगते की शेवटच्या महिन्यांत जरा हात आखडून जेवावं, बाळ फार मोठं झालं तर बाळंतपण अडतं, सिझर करावं लागतं.

आजीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. एके काळी अडलेलं बाळंतपण म्हणजे आईचा जीव जाणं, हे तिच्या पिढीने पाहिलेलं असतं. पण कमी खाल्ल्याने बाळाचं फक्त आकारमान कमी होत नाही, त्याच्यासोबत बरंच काही कमी होतं. हे जगाला नीट समजलं त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. आणि त्या दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीचाही.

ती गोळी तुम्ही पाहिली असेल. आशाताई घरी आणून देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. लोहाबद्दल सगळ्यांना माहीत आहे, रक्त वाढतं. हे फोलिक ॲसिड काय आहे, हे मात्र फार कोणी विचारत नाही. त्याची गोष्ट सुरू होते एका इंग्रज बाईपासून. तिचं नाव ल्युसी विल्स. १० मे २०१९ ला गुगलने त्यांच्या १३१ व्या वाढदिवसाचं डूडल लावलं होतं, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी हे नाव पहिल्यांदा वाचलं.

ल्युसी यांचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड गावचा. वडिलांच्या घराण्याचा विळे, कोयते अशी धारदार अवजारं बनवण्याचा कारखाना होता. आईचे वडील नावाजलेले डॉक्टर. घरात पैसा होता आणि मुलींना शिकवायची तयारीही होती, जी त्या काळात पैशापेक्षा दुर्मीळ होती. ल्युसी केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात गेल्या, वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, १९११ मध्ये परीक्षा पास झाल्या. पदवी काही मिळाली नाही. केंब्रिज तेव्हा मुलींना वर्गात बसू द्यायचं, परीक्षा देऊ द्यायचं, पण पदवी द्यायचं नाही. ही अट तिथे १९४८ पर्यंत टिकली.

त्याच वर्षी वडील गेले. दोन वर्षांनी बहीण गेली. १९१४ मध्ये त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या, तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलं. केपटाऊनच्या दवाखान्यात त्यांनी काही आठवडे नर्स म्हणून सेवा केली. इंग्लंडला परतल्या त्या डॉक्टर व्हायचं ठरवूनच. १९१५ मध्ये लंडनच्या बायकांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९२० मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या.

पण पाटी लावून पेशंट तपासायचे, हे त्यांनी केलं नाही. त्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत शिरल्या आणि गरोदरपणात बाईच्या शरीरात नेमकं काय काय बदलतं, याचा अभ्यास करू लागल्या. पुढे मुंबईने त्यांना बोलावलं, ते याच कामामुळे.

आता १९२८ ची मुंबई डोळ्यांसमोर आणा. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या संपाने बंद होत्या. जवळपास सहा महिने गिरणगावातल्या चुली अर्ध्या पेटत होत्या. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा द्यावी का, यावर चर्चा चालली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला. थोडक्यात, गरोदर कामगार बाईचं काय होतं, हा प्रश्न तेव्हा शहरात चांगलाच तापलेला होता.

आणि बायका मरत होत्या. मार्गारेट बालफोर नावाच्या डॉक्टर भारतात अनेक वर्षं काम करत होत्या. बाळंतपणात बायका का दगावतात, याची एक चौकशी त्या काळी सुरू झाली होती आणि तिचा एक धागा होता गरोदरपणात होणारा एक भयानक ॲनिमिया. बाई पांढरीफटक पडायची, पाय सुजायचे, धाप लागायची आणि अनेकदा बाळंतपणाच्या आसपास ती जायची. या आजाराचा छडा लावायला बालफोर यांनी ल्युसी विल्स यांना बोलावलं. काम करायचं होतं परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. बाहेर पडलं की गिरणगाव.

हा ॲनिमिया नेहमीचा नव्हता. लोह कमी पडलं की रक्तातल्या लाल पेशी छोट्या आणि फिक्या होतात. या बायकांच्या रक्तात पेशी संख्येने कमी होत्या, पण आकाराने मोठ्या होत्या, जणू फुगलेल्या. इंग्लंड-अमेरिकेत अशाच मोठ्या पेशींचा एक आजार माहीत होता, पर्निशियस ॲनिमिया. त्यावर १९२६ मध्ये एक विचित्र औषध सापडलं होतं, भरपूर कलेजी खायला घालायची. पण तो आजार बहुतेक उतारवयात व्हायचा आणि तो गरोदरपणाशी बांधलेला नव्हता. मुंबईतल्या तरण्या पोरींना तो का व्हावा?

विल्स यांनी आधी संसर्गाची शंका तपासली. कुठला जंतू सापडतो का ते पाहिलं. हाती काही लागलं नाही. मग त्यांनी जे केलं ते आज ऐकायला साधं वाटतं, पण तेव्हा फार कमी डॉक्टर ते करायचे. बायका काय खातात, ते जाऊन पाहायचं. मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी झाली आणि ती १९३० मध्ये छापून आली. त्या काळातल्या त्यांच्या शोधनिबंधांवर विल्स यांच्या नावासोबत तळपदे आणि मेहता ही नावंही दिसतात. गोष्ट सांगताना या लोकांची नावं नेहमी गाळली जातात, म्हणून इथे मुद्दाम.

पाहणीतून दिसलं ते असं. आजार गरीब घरांत जास्त होता आणि त्यातही गरीब मुस्लीम घरांतल्या बायकांमध्ये हिंदू बायकांपेक्षा जास्त. धर्माचा तो प्रश्न नव्हता, ताटाचा होता. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळं, दूध जवळपास नव्हतंच, त्यांना आजार गाठत होता. पोट भरत होतं, पण ज्याने रक्त बनतं ते ताटात नव्हतं.

मग प्रयोगशाळेत उंदरांना या बायकांसारखाच आहार दिला. गाभण उंदरांना ॲनिमिया झाला. त्याच आहारात यीस्ट मिसळलं, तर तो टळला. पुढे माकडांवर प्रयोग झाले. आणि या सगळ्यात एक बरणी आली, मार्माइटची.

मार्माइट म्हणजे काय, तर बिअर बनवल्यावर खाली जो यीस्टचा गाळ राहतो त्याचा घट्ट, काळपट, खारट लगदा. इंग्रज लोक तो पावावर लावून खातात. चव अशी की माणूस एक तर त्यावर जीव टाकतो, नाही तर आयुष्यभर नाव काढत नाही. महत्त्वाचं म्हणजे तो कलेजीच्या अर्कापेक्षा स्वस्त होता. विल्स यांनी तो आजारी बायकांना द्यायला सुरुवात केली आणि काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. मरणाच्या दारात असलेल्या बायका उठून बसू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा निष्कर्ष छापून आला.

इथे एक गुंता होता आणि तो सोडवण्यातच विल्स यांची खरी हुशारी दिसते. कच्चा कलेजीचा अर्कही या बायकांना लागू पडत होता. मग हा तोच पर्निशियस ॲनिमिया नाही का? पण कलेजीचा शुद्ध केलेला अर्क, जो पर्निशियस ॲनिमिया बरा करायचा, तो या बायकांवर चालत नव्हता. म्हणजे कलेजी शुद्ध करताना काहीतरी बाहेर फेकलं जात होतं आणि मुंबईच्या बायकांना नेमकं तेच हवं होतं. ते यीस्टमध्येही होतं. त्या अज्ञात गोष्टीला लोक विल्स फॅक्टर म्हणू लागले. एखाद्या बाईचं नाव अशा एखाद्या घटकाला मिळणं, हे आजही सहसा घडत नाही.

१९२८ ते १९३३ या काळात त्या मुंबईसोबत कुन्नूर आणि मद्रासमध्येही राबल्या. १९३७ च्या अखेरीस पुन्हा काही आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या. तो घटक नेमका काय आहे, हे शोधायचं काम मात्र इतरांच्या हातून झालं. १९४१ मध्ये अमेरिकेत ढीगभर पालकातून तो वेगळा काढला गेला. पानातून मिळाला, म्हणून पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव पडलं फोलिक ॲसिड. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेने तो कृत्रिमरीत्या बनवला. त्या प्रयोगशाळेतल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. परळमध्ये लागलेला माग असा एका भारतीय माणसाच्या देखरेखीखाली पूर्ण झाला. सुब्बाराव यांच्यावरही स्वतंत्र लेख व्हायला हवा, इतकं त्यांचं काम मोठं आहे.

आता प्रश्न असा की या घटकाचं आणि बाळाच्या आकाराचं नातं काय?

पेशी दोन व्हायची असेल तर तिला आधी आपल्या डीएनएची दुसरी प्रत काढावी लागते. त्या कामात फोलिक ॲसिड लागतं. ते नसेल तर पेशी वाढते, पण फुटत नाही. म्हणून त्या बायकांच्या लाल पेशी मोठ्या आणि मोजक्या होत्या. गरोदरपण म्हणजे तर नऊ महिने चाललेलं पेशींचं फुटणंच. एका पेशीपासून तीन किलोंचं बाळ. शिवाय वार, वाढणारं गर्भाशय, आणि आईचं रक्त, जे या काळात जवळपास दीडपट होतं.

कार्डावर लिहिलेलं वजन यातूनच येतं. आपल्याकडच्या सरकारी सूचनांनुसार गरोदरपणात साधारण ९ ते ११ किलो वजन वाढायला हवं, पहिल्या तीन महिन्यांनंतर महिन्याला सुमारे दोन किलो. लोकांना वाटतं की हे सगळं बाळाचं नाही तर आईच्या चरबीचं. पण हिशोब करून बघा. बाळ तीन किलोंच्या आसपास, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल किलोभर, गर्भाशय किलोभर, वाढलेलं रक्त सव्वा-दीड किलो. राहिलं ते अंगातलं पाणी, स्तनांची वाढ आणि पुढे दूध पाजायला लागणारा साठा. यातलं काहीच फुकट नसतं. वजन फार कमी वाढलं तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. अडीच किलोंच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. अशा बाळांना संसर्ग लवकर होतो, अंग गार पडतं, दूध ओढायला ताकद कमी पडते. उलट वजन फार वाढलं तर बाळ खरंच मोठं होतं, आईला मधुमेह आणि सिझरचा धोका वाढतो. आजीची भीती इथे खरी ठरते. फक्त ती सहसा अशा बाईला सांगितली जाते जिचं मूळ वजनच चाळीस किलो असतं.

उपासमारीत काय होतं, याचा एक भयंकर पुरावा युरोपात मिळाला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. शेवटच्या तीन महिन्यांत ज्या आया उपाशी राहिल्या त्यांची बाळं सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास हलकी जन्मली.

त्याच सुमारास ल्युसी विल्स लंडनमध्ये होत्या. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलवर जर्मन उडता बॉम्ब पडला. युद्ध संपेपर्यंत त्या तिथल्या पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या. ब्रिटनमध्ये रेशनिंग होतं, पण गरोदर बायकांना जास्तीचं दूध, संत्र्याचा रस आणि कॉड माशाचं तेल मिळायचं. या रेशनचा आणि रोज लोहाची गोळी देण्याचा गरोदर बायकांच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो, हे विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं आणि १९४७ मध्ये छापलं. मुंबईत फोलिक ॲसिडचा माग काढला, लंडनमध्ये लोह तपासलं. मानवतच्या लाल गोळीतले दोन्ही घटक असे एकाच बाईच्या टेबलावरून गेले आहेत.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असं फिरत पोषण आणि ॲनिमियावर काम करत राहिल्या. लग्न केलं नाही. गाडीऐवजी सायकलने कामावर जायच्या, डोंगर चढायच्या, बर्फात स्कीइंग करायच्या. आयुष्याच्या शेवटच्या दशकात तर मजूर पक्षाकडून लंडनच्या चेल्सी भागाच्या नगरसेवक झाल्या. १६ एप्रिल १९६४ ला त्यांचं निधन झालं.

फोलिक ॲसिडची आणखी एक मोठी गोष्ट त्यांच्या माघारी कळली. १९९१ मध्ये एका मोठ्या चाचणीत सिद्ध झालं की ज्यांना आधी मणक्याचा किंवा मेंदूचा जन्मदोष असलेलं बाळ झालं आहे, अशा आयांनी गर्भ राहण्याच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतलं तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो.

आणि बाळाच्या आकाराचं उत्तर पुन्हा महाराष्ट्रातूनच आलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या बायका शेतकरी घरातल्या होत्या. गरोदरपणाआधी सरासरी वजन सुमारे ४२ किलो, उंची पाच फुटांच्या आसपास. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरलं. संशोधकांनी आयांच्या जेवणातली ऊर्जा आणि प्रथिनं मोजली, तर त्यांचा बाळाच्या आकाराशी थेट संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. ज्या या गोष्टी वारंवार खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. आईच्या लाल पेशींमध्ये फोलिक ॲसिड जास्त असेल तर बाळही मोठं. सत्तर वर्षांपूर्वी विल्स यांनी मुंबईच्या ताटांत जे गायब असलेलं पाहिलं होतं, जवळपास तीच यादी.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी वजनकाटा सांगत नाही. ज्या बायका गरोदरपणात शेतातलं आणि घरातलं अंगमेहनतीचं काम जास्त करत होत्या, पाणी आणत होत्या, कपडे धुत होत्या, त्यांची बाळं लहान होती. कापूस वेचणीच्या हंगामात दिवस भरत आलेल्या बाईच्या ताटात पालेभाजी वाढायची आणि तिला दिवसभर रानात वाकवायचं, असा हिशोब जुळत नाही.

फोलिक ॲसिड म्हणजे जादू, असंही नाही. याच पुणे अभ्यासातल्या मुलांची सहाव्या वर्षी तपासणी झाली. ज्या आयांच्या रक्तात फोलिक ॲसिड भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली. बी-१२ दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. शाकाहारी घरात दूधही कमी असेल तर गोळीतला एक घटक पुरत नाही, हे डॉक्टरांना विचारायला हवं.

मग मुंबईत थेट प्रयोगच झाला. २००६ पासून झोपडपट्ट्यांतल्या साडेसहा हजारांहून जास्त बायकांना गरोदरपणाच्या आधीपासून रोज एक नाश्ता दिला गेला. निम्म्या बायकांच्या नाश्त्यात पालेभाज्या, फळं आणि दूध, तर बाकीच्यांच्या नाश्त्यात बटाटा-कांद्यासारखे पदार्थ. सगळ्यांचा सरासरी हिशोब काढला तर बाळांच्या वजनात ठोस म्हणावा असा फरक आला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधी हा नाश्ता सुरू केला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅम जड होती. आणि सगळ्यात बारीक बायकांच्या बाळांना तर काहीच फायदा दिसला नाही. पुण्याच्या गावांत मात्र पालेभाजीचा संबंध सगळ्यात हलक्या आयांमध्येच जास्त घट्ट होता. दोन्ही अभ्यास चोख आहेत आणि त्यांची उत्तरं या ठिकाणी एकमेकांशी पटत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया होता. लाल गोळी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. पहिल्या तीन महिन्यांत नुसती फोलिक ॲसिडची गोळी असते, ४०० मायक्रोग्रॅमची. ती शक्यतो दिवस जायच्या आधीपासून सुरू करायला सांगतात, कारण बाळाच्या मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. तोवर बऱ्याच जणींना आपल्याला दिवस गेलेत हेसुद्धा कळलेलं नसतं.